निवडणुकीची पत्रकं रद्दीत घालू नका : जाहिरातीचा हिशेब मागायचा तरी कसा?

येरळाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकतो, लांबलंय, सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात गावी गेलो होतो, विट्याच्या पलीकडं. घराचा माळा साफ करायला काढला. आबांची पत्र्याची ट्रंक होती, ते गेल्यापासून कुणी उघडली नव्हती. आत सोसायटीच्या पावत्या, कारखान्याची उसाची बिलं, एक जुना सातबारा आणि खाली सुतळीनं बांधलेला निवडणुकीच्या पत्रकांचा गठ्ठा. आबांनी एकही पत्रक टाकलं नव्हतं. सगळ्यात खालचं तपकिरी झालेलं, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायचे तेव्हाचं, मागून बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागतात. त्याच्यावर "येत्या पाच वर्षांत शिवारात पाणी". वरचं दोन रंगातलं, ऑफसेटचं, पक्ष वेगळा, उमेदवार वेगळा, वाक्य तेच. त्याच्या वरचं गुळगुळीत आर्ट पेपरचं, त्यावर पण पाणी, फक्त आता सोबत सहा जणांचे फोटो.

एका पत्रकाच्या मागं आबांनी पेन्सिलीनं लिहिलंय, "सभेत विचारले. हो म्हणाले." बास, एवढंच. खाली तारीख.

आता गैरसमज नको म्हणून सांगतो, पाणी आलं. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं, कराडजवळ कृष्णेतनं उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवून आमच्याकडं आणि पुढं आटपाडीपर्यंत गेलं, आमच्या भागात आज ऊस आणि डाळिंब दिसतंय ते त्यामुळंच. ज्यांनी ज्यांनी खस्ता खाल्ल्या त्यांचं मोल आहेच. पण कुणी कधी काय कबूल केलं आणि त्यातलं किती वेळेत झालं, हे सांगायला आज गावात काय पुरावा आहे तर आमच्या माळ्यावरची एक ट्रंक. तेवढंच!

आणि आत्ताच्या निवडणुकीचं तर तेही उरणार नाही. वचन मोबाईलच्या स्टेटसला असतं, चोवीस तासात गायब. डिजिटल बोर्ड निकालाच्या दुसऱ्या दिवशी उतरतो आणि कडब्याच्या गंजीवर जातो. आमच्या शेजारच्यांच्या गोठ्यावर आत्ता एक आहे, "शब्द देतो" एवढं वाचता येतं, कशाचा शब्द ते पत्र्याखाली दुमडलंय.

मला म्हणायचंय एवढंच की प्रचाराची प्रत्येक जाहिरात, मग ती कागदावर असो, बोर्डावर असो नाहीतर मोबाईलवर, पैसे कुणी दिले आणि किती दिले हे तिच्यावरच छापलेलं असलं पाहिजे, तिची एक प्रत तालुक्याला सगळ्यांना बघता येईल अशी कायम राहिली पाहिजे आणि निवडून आलेल्या माणसानं वर्षातनं एकदा तीच प्रत हातात घेऊन लोकांसमोर उभं राहिलं पाहिजे. भाषण नको, पत्रक वाचा आणि ओळीओळीला सांगा झालं का नाही, नसलं तर का नाही. तुम्हाला काय वाटतं? कायद्यात यातलं किती आहे? जाणकारांनी लिहा.

---

अजिंक्यतारा_पायथा

येरळाकाठ, आबांची ट्रंक वाचून अंगावर काटा आला.

एक गोष्ट आमच्या सातारा जिल्ह्यातली सांगतो, अनेकांना माहीत नसते. महाराष्ट्रभर बेकायदा होर्डिंग आणि बॅनरच्या विरोधात मुंबई हायकोर्टात जी मोठी लढाई झाली ती साताऱ्यातनं गेली. सुस्वराज्य फाउंडेशन, सातारा विरुद्ध जिल्हाधिकारी सातारा, जनहित याचिका १५५, सन २०११. निकाल ३१ जानेवारी २०१७ ला लागला. त्यात महापालिका-नगरपालिकांनी बेकायदा फलक काढायचे, तक्रारीसाठी व्यवस्था करायची, नोडल अधिकारी नेमायचे असं सगळं आहे. राजकीय पक्षांनी कोर्टात लेखी हमी दिली की आम्ही बेकायदा बोर्ड लावणार नाही. हमी, लेखी, हायकोर्टाला! आणि पुढं बोर्ड लागतच राहिले म्हणून २०२४ मध्ये हायकोर्टाला पक्षांना परत विचारावं लागलं की तुमच्यावर अवमानाची कारवाई का करू नये.

म्हणून मला तुमचा मुद्दा पटतो. गावातल्या माणसाला दिलेला शब्द सोडा, कोर्टाला दिलेला शब्द पण फलकाएवढाच टिकतो. पोवई नाक्यावर उभं राहिलं की एकावेळी किती चेहरे आपल्याकडं बघत असतात ते मोजा कधीतरी. मी पोराला शाळेत सोडताना मोजायचो, चाळीसनंतर सोडून दिलं. सिग्नलचा खांबसुद्धा दिसत नाही, म्हाताऱ्या माणसानं रस्ता ओलांडायचा कसा?

---

मिरजेचा_फ्लेक्सवाला

मी हेच काम करतो त्यामुळे लिहितो. मिरजेत स्वतःचं मशीन आहे, पंधरा वर्षं झाली. आधी वडिलांची ट्रेडल होती, पायानं चालवायचं छपाईयंत्र, त्यावर हँडबिल आणि लग्नपत्रिका.

येरळाकाठदादा, तुमच्या ट्रंकेतल्या जुन्या पत्रकाच्या अगदी तळाला बारीक ओळ असेल बघा, मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक. ती शोभेची नाही, कायदा आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७ क. निवडणुकीचं कुठलंही पत्रक किंवा पोस्टर छापायचं तर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता पुढच्या बाजूला पाहिजे. प्रकाशकानं स्वतःच्या ओळखीचं प्रतिज्ञापत्र दोन प्रतीत द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि आम्ही त्यातली एक प्रत छापलेल्या मॅटरबरोबर जिल्हा दंडाधिकाऱ्याकडं पाठवायची. नाही केलं तर सहा महिने कैद किंवा २००० रुपये दंड किंवा दोन्ही. फक्त सभेची तारीख-वेळ-ठिकाण सांगणारं साधं हँडबिल असेल तर त्याला हे लागू नाही.

म्हणजे "प्रत कुठंतरी ठेवली पाहिजे" हे तुम्ही म्हणताय ते अर्धं कायद्यात आहेच. प्रत जाते. ती लोकांना बघायला मिळत नाही ही अडचण आहे.

आता खरं काय होतं ते. आचारसंहिता लागायच्या आधी चार-सहा महिने आमच्याकडं सगळ्यात जास्त काम वाढदिवसाचं असतं. दहा बाय वीसचा बोर्ड, मधी मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग, आणि वाढदिवसाच्या बोर्डावर "विकासाचा महामेरू, भावी आमदार". त्याला प्रकाशक नाही, प्रतिज्ञापत्र नाही, कुणाच्या खर्चात धरलं जात नाही. एकदा अर्ज भरला की मग उमेदवाराच्या नावाचं बिल मोजक्या बोर्डांचं होतं. बाकीचं "मित्रमंडळ" असं सांगतात, मंडळाचा पत्ता विचारला तर फोन नंबर देतात. रात्रभर मशीन चालू, पोरं आयलेट (बोर्डाला दोरीसाठीच्या कड्या) मारून मारून हाताला फोड येतात, सकाळी टेम्पो भरला की पैसे निकालानंतर. हरलेल्याचे तर बुडालेच समजायचे. कुणाचं नाव घेत नाही, सगळ्यांचा अनुभव आहे मला.

एवढंच सांगतो, छापणाऱ्याला चोर समजू नका. आम्हाला पण प्रत्येक बोर्डावर खर्च देणाऱ्याचं नाव सक्तीचं झालेलं पाहिजे. निदान पैसे कुणाकडं मागायचे ते तरी कळेल.

---

कोर्टाचीपायरी

फ्लेक्सवाले दादांनी नेमकं दुखणं सांगितलं. वकिली करतो, निवडणूक याचिकेत एक-दोनदा काम केलंय, त्यामुळे थोडं कायद्याचं.

त्याच १९५१ च्या कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे उमेदवाराच्या खर्चाचा हिशेब सुरू होतो उमेदवारी दाखल केल्याच्या तारखेपासून आणि संपतो निकालाच्या दिवशी. दोन्ही दिवस धरून. म्हणजे वाढदिवस, स्वागत कमानी, गणपती-दहीहंडीचे बोर्ड, त्याआधीचं सगळं बाहेर. आपल्या राज्यात २०२२ पासून मर्यादा लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख आहे. ही उमेदवाराची. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही, शून्य.

याची गोष्ट जुनी आहे. १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टानं कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सांगितलं होतं की उमेदवारासाठी पक्षानं आणि मित्रांनी केलेला खर्च त्याच्या माहितीनं झाला असेल तर तो त्याच्याच खात्यावर धरला पाहिजे. किती सरळ गोष्ट. पण संसदेनं लगेच कायदा बदलून त्या निकालाचा परिणामच काढून घेतला. २००३ मध्ये थोडी दुरुस्ती झाली, स्टार प्रचारकांचा प्रवास तेवढा सवलतीत राहिला, पण पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला, ज्यात उमेदवाराचं नाव नाही, आजही वरची रेघ नाही. त्यामुळे पानभर जाहिरातीत फक्त चिन्ह आणि नेत्याचा फोटो असतो, उमेदवाराचं नाव घालत नाहीत. कारण हे आहे.

आणि मित्रमंडळाचं म्हणाल तर उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्यासाठी जाहिरातीवर, सभेवर खर्च करणं हा गुन्हाच आहे. जुन्या दंड संहितेत १७१ एच, दंड किती तर ५०० रुपये! नव्या न्याय संहितेत कलम १७६, दंड १०,००० पर्यंत. दहा हजारात आज दोन चांगल्या कमानी उभ्या राहत नाहीत.

पण एक हत्यार आपल्या हातात आहे आणि कुणीच वापरत नाही. निकालानंतर ३० दिवसात प्रत्येक उमेदवारानं, जिंकलेल्यानं आणि हरलेल्यानं, हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडं द्यायचा असतो. दिला नाही तर निवडणूक आयोग ३ वर्षं अपात्र ठरवू शकतो. आणि १९६१ च्या निवडणूक नियमांतला नियम ८८ म्हणतो की कुणीही माणूस एक रुपया फी भरून तो हिशेब बघू शकतो. एक रुपया. प्रती पाहिजेत तर त्याची ठरलेली फी. मी इतकी वर्षं कोर्टात आहे, रुपया भरून हिशेब बघितलेला साधा मतदार मला अजून भेटला नाही.

---

येरळाकाठ

कोर्टाचीपायरी, हे मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या मतदारसंघाचा हिशेब मी बघणार. फक्त काय बघायचं असतं त्यात ते सांगा, आकडे वाचून मला काय कळणार?

---

कोर्टाचीपायरी

बिलं बघायची. प्रत्येक वस्तूचं दरपत्रक जिल्हा निवडणूक कार्यालय आधीच ठरवून जाहीर करतं, चहा, वडापाव, खुर्ची, मांडव, गाडीचं भाडं, बोर्डाचा चौरस फुटाचा दर, सगळ्याचे. तुमच्या चौकात तुम्ही स्वतः मोजलेले बोर्ड, त्यांचे फोटो तारखेसह तुमच्याकडं असले तर हिशेबातले बोर्ड आणि चौकातले बोर्ड समोरासमोर ठेवता येतात. प्रचार चालू असतानाच खर्च निरीक्षक किमान तीनदा उमेदवाराची वही तपासतो आणि यंत्रणा स्वतःची वेगळी नोंदवही ठेवते, तेव्हाच लेखी कळवलं तर जास्त उपयोग. निकालाला आव्हान द्यायचं तर याचिका ४५ दिवसात हायकोर्टात जायला लागते, त्यामुळे ट्रंकेत ठेवून वीस वर्षांनी काढायचा हा पुरावा नाही. त्या महिन्यातच जमवायचा.

महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदेला हे सगळं वेगळं आहे बरं का, तिथं राज्य निवडणूक आयोग आणि त्यांची मर्यादा वेगळी, गल्लत करू नका.

---

वाईची_बाई

मी निवृत्त शिक्षिका. मुलांना वर्तमानपत्र वाचायला लावायचे वर्गात. एकदा आठवीतल्या एका मुलानं विचारलं, बाई ही जाहिरात कशाची? बघितलं तर उमेदवाराची होती, त्याच्यावर कोणते गुन्हे आहेत त्याची. टेंडर नोटिशींच्या शेजारी. मला त्याला समजावून सांगायला अर्धा तास लागला आणि मला वाटलं की हे सगळ्यांना माहीत पाहिजे.

सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की गुन्हे दाखल असलेल्या उमेदवारानं ते स्वतः जाहीर करायचे, वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर, तीन वेळा. अक्षर कमीत कमी बारा पॉइंटचं, म्हणजे साध्या पुस्तकातल्या अक्षराएवढं, असं निवडणूक आयोगानं ठरवलं. फेब्रुवारी २०२० मध्ये पक्षांना पण सांगितलं की याला तिकीट का दिलं, दुसरा स्वच्छ माणूस का मिळाला नाही याचं कारण द्या, आणि "निवडून येऊ शकतो" हे कारण चालणार नाही. आता मला सांगा, चेहरा वीस फुटाचा आणि गुन्हे बारा पॉइंटमध्ये. माझी मागणी साधी आहे, ज्या बोर्डावर फोटो त्याच बोर्डावर तळाला ही माहिती, लांबून वाचता येईल एवढी. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापतात ना मोठा, तसा.

दुसरं, आम्हा बायकांकडं येणारी जाहिरात बोर्डावर नसतेच हो. हळदी-कुंकवाचे कार्यक्रम, पैठणीचे खेळ, देवदर्शनाच्या गाड्या, डबे, कुकर. पिशवीवर फोटो. निवडणूक जवळ आली की प्रत्येक आळीत. तिथनं वस्तू घेऊन आलेल्या बायका वाईट नाहीत, एरवी त्यांच्यासाठी कुणी काही ठेवतच नाही, चार तास हसायला मिळतात. पण ती जाहिरात आहे हे आपण मोकळेपणानं म्हटलं पाहिजे आणि तिचा खर्च धरला पाहिजे. माझ्या स्वयंपाकघरात तीन वेगवेगळ्या फोटोंचे तीन डबे आहेत, ते मी आता वापरत नाही.

---

माणगंगा_तीर

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा.

जाहिरातीवर जितकी बंधनं घालाल तितका नवा माणूस मरतो. प्रस्थापिताचं नाव घराघरात आहेच, कारखाना त्याचा, बँक त्याची, शिक्षणसंस्था त्याची. त्याला बोर्डाची गरजच नाही. बोर्ड लागतो तो आमच्यासारख्या माणदेशातल्या दुष्काळी गावातनं उभ्या राहिलेल्या पोराला. मी स्वतः पंचायत समितीला एकदा उभा राहिलोय, हरलो. कलम-प्रतिज्ञापत्र-दोन साक्षीदार हे सगळं करताना माझाच दम निघाला, ज्याच्याकडं चार वकील आहेत त्याला काय त्रास.

आणि प्रचार पैशानंच होतो असंही नाही. १८ ऑक्टोबर २०१९, साताऱ्याची ती पावसातली सभा आठवा. शरद पवार भिजत बोलत राहिले आणि तो व्हिडिओ रातोरात फिरला, तीन दिवसांनी मतदान होतं. तुम्ही कुठल्याही पक्षाचे असा, पण ती क्लिप कुणी पैसे देऊन लावली नव्हती, लोकांनी पुढं पाठवली. तिचा खर्च कुणाच्या वहीत लिहायचा? लिहायचाच नाही, बरोबर ना? मग कायद्यानं लोकांच्या बोलण्यात आणि विकत घेतलेल्या जाहिरातीत फरक करायला शिकलं पाहिजे, नाहीतर उद्या माझ्या भावानं माझं स्टेटस ठेवलं तर त्याला पण नोटीस.

उलट साताऱ्यातच २०२४ ला काय झालं बघा. तुतारी वाजवणारा माणूस हे एक चिन्ह आणि पिपाणी हे दुसरं. पिपाणीवाल्या अपक्षाला ३७ हजारांच्या वर मतं पडली आणि निकालाचा फरक होता ३२ हजारांच्या वर. किती मतं चुकून गेली हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण मतदाराला नीट माहिती मिळण्याची व्यवस्था आपल्याकडं किती तोकडी आहे ते यातनं दिसतं.

म्हणून माझं म्हणणं, बंदी नको, जागा द्या. आकाशवाणी-दूरदर्शनवर मोफत वेळ मिळते ती मान्यताप्राप्त पक्षांना, अपक्षाला नाही. तसं न करता प्रत्येक गावात चावडीपाशी निवडणूक यंत्रणेनंच एक मोठा बोर्ड लावावा, सगळ्या उमेदवारांना सारख्या मापाची चौकट, त्यात फोटो, चिन्ह, पाच वचनं, गुन्हे, संपत्ती. प्रतिज्ञापत्रातनं ही माहिती २००३ पासून येतेच आहे. बाकी चौकातले सगळे बोर्ड बंद करा मग, मी पहिला टाळ्या वाजवीन.

---

वाईची_बाई

माणगंगा, चावडीचा बोर्ड मला फार आवडला. पाच वर्षं तो तिथंच राहू द्या, काढायचाच नाही. येता-जाता दिसेल.

---

कुपवाड_एमआयडीसी

सगळे बोर्ड आणि पत्रकांवर बोलताय, पण आमच्या वयाच्या पोरांना बोर्ड दिसतच नाही, मान खाली असते. खरा खेळ मोबाईलवर आहे.

मी कंपनीत शिफ्ट करतो आणि बाजूला दोन दुकानांची सोशल मीडियाची पानं सांभाळतो, त्यामुळे आतनं माहितीये. फेसबुक-इन्स्टाग्रामवर राजकीय जाहिरात पैसे देऊन चालवली तर २०१९ पासून भारतात "पैसे कुणी दिले" हे दाखवायला लागतं आणि ती जाहिरात त्यांच्या अॅड लायब्ररीत सात वर्षं राहते, कुणीही शोधू शकतो, साधारण किती रुपये घातले ते पण कळतं. म्हणजे येरळाकाठकाका, तुम्हाला कागदावर जे पाहिजे ते तिथं थोडं थोडं आहे. पण पळवाट बघा. तालुक्याच्या नावाचं एक पान असतं, वर्षभर त्यावर यात्रा, कुस्ती, बाजारभाव, पाऊस. लोक जोडले जातात. निवडणुकीच्या दोन महिने आधी त्यावर एकाच माणसाच्या बातम्या यायला लागतात. ती जाहिरात म्हणून चालवलीच जात नाही, पानवाल्याला हातात पैसे. मला स्वतःला विचारणा झालीये, मी नाही म्हणालो, दुसऱ्यानं घेतलं काम. २००९ च्या विधानसभेनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, लिहिलं होतं ते पेपरांबद्दल होतं, आता तेच दहा हजार फॉलोअरच्या पानापर्यंत उतरलंय.

सुप्रीम कोर्टाच्या एप्रिल २००४ च्या आदेशामुळं टीव्हीवरची राजकीय जाहिरात आधी तपासून प्रमाणित करून घ्यायला लागते, पुढं सोशल मीडियावरच्या जाहिरातींना पण ते लावलं, जिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण समिती असते. छापील जाहिरातीला ते फक्त मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी. पण व्हॉट्सअॅपच्या फॉरवर्डला कोण प्रमाणित करणार? आता तर आवाज बनवता येतो. माझ्या मावशीला फोन आला, नेता स्वतः नाव घेऊन बोलतोय, "ताई, या वेळेला आशीर्वाद द्या." मावशी दोन दिवस सगळ्यांना सांगत होती की साहेबांचा फोन आला. तिला सांगताना जीव जड झाला की ते मशीन होतं. मे २०२४ मध्ये आयोगानं पक्षांना सांगितलंय की असलं खोटं बनवलेलं लक्षात आणून दिल्यावर ३ तासात काढा, नंतर लेबल लावायला पण सांगितलं. मतदानाच्या आदल्या रात्री ३ तासात ते सगळ्या तालुक्यात पोचलेलं असतं.

माझी मागणी एकच, फोनच्या सुरुवातीलाच "हा मशीनचा आवाज आहे, याचे पैसे अमुकनं दिलेत" असं बोललं पाहिजे. पहिल्या वाक्यात.

---

हळदपेठ_सांगली

सगळं वाचलं. वाईट वाटेल पण बोलतो. २०१९ च्या पुरात आमचं घर आठ दिवस पाण्यात होतं. आयर्विन पुलाकडं बघायची भीती वाटायची. छावणीत मदतीची पाकिटं आली, आमच्यापर्यंत आलेल्या एकावर फोटोचं स्टिकर. माझी आई ते नखानं खरवडत बसली होती, डाळ-तांदूळ बाजूला ठेवून आधी ते स्टिकर काढलं तिनं. काही बोलली नाही. तेव्हापासून मला जाहिरातीच्या सुधारणा वगैरे ऐकलं की वाटतं, ज्याला लाजच नाही त्याला कायदा काय करणार आणि मतदार तरी पैशाचं पाकीट घेतोच की.

---

येरळाकाठ

हळदपेठ दादा, तुमच्या आईंना नमस्कार सांगा माझा.

पाकीट घेणारा मतदार आहे, खरंय, मी नाकारत नाही. माझ्याच भावकीत आहेत. पण त्याला विचारलं तर तो म्हणतो, पाच वर्षांत हाताला लागतं ते एवढंच, बाकीचं कुठं दिसतंय. वचनाचं काय झालं हे कधी समोरच येत नसेल तर माणूस पाकिटालाच धरणार. वचन मोजता आलं तर त्याला वजन येईल असं मला मनापासून वाटतं.

आणि सरकारी पैशाची जाहिरात हा एक मुद्दा तुमच्या स्टिकरवरनं आठवला. मे २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सरकारी जाहिरातीत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचेच फोटो चालतील असं सांगितलं होतं. वर्षभरात त्यात बदल होऊन मुख्यमंत्री, राज्यपाल, मंत्री यांना पण मुभा मिळाली. तो पहिला आदेश राहायला पाहिजे होता.

कोर्टाचीपायरी, वर्षातनं एकदा लोकांसमोर उभं राहायचं हे कायद्यात बसवता येईल का? जाहीरनामा करारासारखा धरता येतो का?

---

कोर्टाचीपायरी

करारासारखा नाही. जाहीरनामा पाळला नाही म्हणून कोर्टात जाता येत नाही आज. जुलै २०१३ मध्ये सुब्रमण्यम बालाजी खटल्यात सुप्रीम कोर्टानं निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक सूचना करायला सांगितलं, त्या आचारसंहितेत आठवा भाग म्हणून आल्या. त्यात आहे की वचनामागचा विचार सांगा आणि पैसा कुठनं येणार ते ढोबळ का होईना सांगा. पाळलं नाही तर शिक्षा नाही.

पण वरनं होत नसेल तर खालनं सुरू करता येतं. ग्रामसभेला आपल्याकडं खूप ताकद आहे, आपण जात नाही तो भाग वेगळा. थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी अविश्वास आणला तर शेवटचा शब्द ग्रामसभेचा, गुप्त मतदानानं. आमदार-खासदाराला परत बोलवायची सोय नाही, पण ग्रामसभेनं ठराव करून बोलावणं पाठवायला कुणाची परवानगी लागत नाही. "आपले अमुक तारखेचे पत्रक सोबत जोडले आहे, त्यातील मुद्द्यांवर येऊन माहिती द्यावी." आला नाही तर पुढच्या सभेत परत ठराव. इतिवृत्तात नोंद राहते, ती कडब्याच्या गंजीवर जात नाही. खासदार निधी वर्षाला ५ कोटी असतो, कुठल्या कामाला गेला ते पण त्याच पत्रात विचारा.

---

माणगंगा_तीर

हे जमण्यासारखं आहे. आमच्या गावात करतो पुढच्या ग्रामसभेला. विरोधक म्हणतील एकालाच पत्र का, म्हणून आमदार, खासदार, जिल्हा परिषद सदस्य सगळ्यांना सारखं पत्र. आणि मी हरलो तरी माझं पत्रक पण लावतो भिंतीवर, मी काय म्हणालो होतो ते पण लोकांनी बघावं.

अडचण एकच, आमच्याकडं जुनी पत्रकं कुणाकडंच नाहीत. जतकडं कुणाकडं आहेत का? म्हैसाळ उपसा योजनेच्या पाण्यावर तिथं इतकी वर्षं निवडणुका झाल्या, २०१२ ला पाण्यासाठी कर्नाटकात जायचे ठराव झाले, तिथं कुणीतरी जपली असतील.

---

मिरजेचा_फ्लेक्सवाला

माझ्या वडिलांच्या प्रेसच्या फाईलकॉप्या आहेत, प्रत्येक कामाची एक प्रत खिळ्याला टोचून ठेवायचे ते. वाळवीनं काही खाल्ल्यात पण निवडणुकीची वेगळी बांधलेली आहेत. मोठा स्कॅनर माझ्याकडं आहे, ए-थ्री. कुणी जत, तासगाव, कवठेमहांकाळ, खटाव, माणकडनं पत्रकं आणली तर मी फुकट स्कॅन करून देतो, रविवारी मशीन बंदच असतं. फक्त एक करा, तळाची मुद्रकाची ओळ कापू नका कुणी, त्याच्यावरनंच साल आणि प्रकाशक लागतो.

---

वाईची_बाई

मी येते. साल, मतदारसंघ, उमेदवार, वचनं अशी यादी वहीत उतरवायचं काम माझ्याकडं द्या, अक्षर चांगलं आहे. कुपवाडच्या मुलानं ती संगणकावर चढवावी. सगळ्या पक्षांची आली तरच करायचं, एकाच पक्षाची नाही.

---

कुपवाड_एमआयडीसी

चढवतो बाई. दुसऱ्या शिफ्टचा आठवडा असेल तर सकाळी मोकळा असतो. आणि अॅड लायब्ररीतल्या आपल्या दोन जिल्ह्यांच्या जाहिराती पण उतरवून ठेवतो, सात वर्षांनी जातील त्या.

---

येरळाकाठ

या रविवारी ट्रंक घेऊन मिरजेला येतो. गठ्ठ्यात एकूण एकतीस पत्रकं आहेत, काल मोजली.

---

मिरजेचा_फ्लेक्सवाला

या दादा, स्टेशनवर उतरलात की फोन करा, घ्यायला येतो. आबांनी मागं लिहिलंय ती बाजू पण स्कॅन करू. पेन्सिल पुसट झाली असेल तर कॉन्ट्रास्ट वाढवून काढता येते, काळजी करू नका.